आत्यानं सरांना भूल दिली

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की माझी आत्या नुसती बोलून माणसाला झोपवते. ही बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पसरवली. ती काकूंसारखीच सांगायची तर आधी मान तिरकी करून दाराकडे एकदा बघायला हवं आणि आवाज निम्म्यावर आणायला हवा. "अगं, मी फक्त रक्तदाबाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, एवढंच विचारायला गेले. ती म्हणाली, बसा. बसले. ती म्हणाली, हं, सांगा. आणि मग एकदम संध्याकाळ. अंगावर चादर. मी म्हणते, सुई टोचली तर निदान कळतं तरी. हिनं काहीसुद्धा टोचलं नाही."

तेव्हापासून लिफ्टमध्ये आत्या शिरली की आतले लोक एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी हळूच दोन मजले आधी उतरतं.

खरं इतकंच आहे, की काकूंच्या घरी तेव्हा पंधरा दिवसांची नात होती आणि काकूंचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यात आमचा सोफा मधोमध खचलेला. त्यात बसलेला माणूस आपोआप आडवा होतो. आत्या तर त्या वेळी स्वयंपाकघरात चहा गाळत होती. ती बाहेर आली तेव्हा काकू घोरत होत्या. तिनं त्यांच्यावर चादर घातली, दोन्ही कप चहा स्वतःच प्यायली आणि पेपर वाचत बसली.

आत्या भूलतज्ज्ञ आहे, आणि तीसुद्धा फक्त हृदयाच्या ऑपरेशनची. 'झोपवते' हा शब्द तिला पटत नाही. "झोपवायला दीड मिनिट लागतं," ती म्हणते. "पुढचे पाच-सहा तास मी राखण करते."

तिच्या आवाजात काहीतरी आहे, हे मात्र मान्य करावं लागेल. लोकांना वाटतं तसा तो गोड नाही. सपाट आहे. तिचं वाक्य संपतं पण खाली टेकत नाही, तसंच तरंगत राहतं. बाबांची शिंक, काकूंची मान, लिफ्टचं दार, सगळं मला हुबेहूब करता येतं. आत्याचं करायला गेले की चौथ्या शब्दाला मलाच जांभई येते.

आजोबांचा टायपिंगचा क्लास होता. घराच्या पुढच्या खोलीत बारा मशीन, आणि मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेली दोन भावंडं: माझे बाबा आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. बाबा कानात कापूस घालून बसायचे. आत्या नाही. ती त्या खडखडाटातच वाचायची, आणि मध्येच पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "चौथ्या मशीनची रिबन सुकलीय." आजोबा जाऊन बघायचे. सुकलेली असायची. बाबा अजून कुरकुरतात: "आम्ही पाढे पाठ केले, हिनं मशीन पाठ केलं. आणि डॉक्टर कोण झालं? ही."

मेडिकल कॉलेजात पहिल्यांदा ऑपरेशन बघायला गेली तेव्हा तिला सर्जन व्हायचं होतं. तेव्हा सगळ्यांनाच सर्जन व्हायचं असतं. टेबलाभोवती वीस विद्यार्थी, सगळे हिच्यापेक्षा उंच, आणि हिला दिसत होत्या फक्त पाठी. म्हणून ती वळसा घालून डोक्याच्या बाजूला गेली. तिथे गर्दी नव्हती. एक हडकुळे गृहस्थ उभे होते. पेशंटच्या तोंडावर मास्क, त्यांची करंगळी पेशंटच्या हनुवटीखाली, आणि त्यांचे स्वतःचे डोळे मिटलेले. आत्याला वाटलं, उभ्या उभ्या झोपलेत.

"टिकटिक ऐकतेस?" डोळे न उघडता ते म्हणाले.

मॉनिटर नाडीबरोबर टिक टिक करतो. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्या टिकेचा सूर खाली उतरतो. हे आत्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आता जरा उतरली."

"जरा म्हणजे किती?"

"मघापेक्षा एक पायरी."

त्यांनी डोळे उघडले, पेशंटची मान केसभर वळवली, सूर पुन्हा वर गेला. मग त्यांनी पहिल्यांदा आत्याकडे नीट पाहिलं. "उद्यापासून इथेच उभं राहायचं," ते म्हणाले. "तिकडे बघण्यासारखं काही नसतं."

हे सर. नाकातून बोलणारे, शब्दाचं शेवटचं अक्षर ताणणारे, आणि रागावले की थेट अहो-जाहोवर येणारे. 'अहो विद्वान' ऐकू आलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय. अगं-तुगंवर उतरले की वादळ गेलं.

पहिले सहा महिने सरांनी तिला दुसरं काही करू दिलं नाही, नुसती हनुवटी धरायला लावली. "घशात नळी घालायची ती नंतर. आधी हनुवटी. हनुवटी आली की श्वास आला." मास्क दोन बोटांनी दाबायचा आणि उरलेल्या तिन्हींनी जबडा वर उचलून धरायचा. अर्ध्या तासानं हाताला गोळे येतात. आत्या घरी आली की जेवताना तिची करंगळी आपोआप वर उचललेली असायची. आजोबा म्हणत, "अगं, ताट काही पळून जात नाही."

मग पुढे हृदयाचं शिक्षण. आणखी तीन वर्षं.

त्या खोलीचं वर्णन मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे राहून आल्यासारखं वाटतं. थंडी असते. टेबलाच्या एका बाजूला सर्जन, ज्यांना सगळे 'मुनी' म्हणतात, कारण हातात सुरी आली की त्यांचं बोलणं बंद. दुसऱ्या बाजूला पंपवाले काका. त्यांचं यंत्र पेशंटचं रक्त बाहेर घेतं, ताजं करतं आणि परत देतं. ते चालू झालं की हृदयाला काम उरत नाही, म्हणून त्याला थंड औषध देऊन थांबवतात. पडद्यावरच्या लाटा आडव्या होतात. टिकटिक थांबते. फुप्फुसंही रिकामी बसून असतात, म्हणून आत्या व्हेंटिलेटर बंद करते. खोलीत फक्त पंपाची गुणगुण राहते, लांबच्या खोलीतल्या पंख्यासारखी.

"सगळं थांबलेलं असतं," आत्या म्हणते, "आणि कोणीही गेलेलं नसतं."

हे बोलताना ती माझ्याकडे बघत नाही. भिंतीच्या जरा पलीकडे बघते.

याच शांततेत तिच्या हातून ती चूक झाली. भूलवाल्यांच्याच हातून होऊ शकते अशी. हृदयाची नवी झडप बसवून झाली होती, हृदय पुन्हा धडधडू लागलं होतं, पंपवाले काका "उतरतोय" म्हणाले आणि त्यांनी पंप थांबवला. टिकटिक परत आली. आत्या स्टुलावर बसून ती ऐकत होती. आता रक्त पुन्हा फुप्फुसांतून चाललं होतं आणि फुप्फुसांत हवाच नव्हती, कारण व्हेंटिलेटर चालू करायचा राहिला होता. टिकेचा सूर एक पायरी उतरला. मग आणखी एक. आत्याला तो ऐकू येत होता. ऐकू येत होता आणि तो तिला छान वाटत होता, जिना उतरून कुठेतरी मऊ जागी चाललोय तसा. मागून एक हात आला आणि त्यानं बटण दाबलं.

अर्धं मिनिट. पेशंटला काही झालं नाही.

बाहेर हात धुवायच्या बेसिनपाशी सर म्हणाले, "अहो विद्वान. पेशंट परत आला. तुम्ही कुठे राहिला होतात?"

"तिथेच होते, सर."

"तिथे म्हणजे कुठे?"

आत्यानं खरं सांगितलं. "त्या शांततेत."

सर बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "छान असते ना? मला ठाऊक आहे. म्हणून मी बसत नाही, बघ."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पंप चालू असताना तिनं सरांना बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तीही बसली नाही. व्हेंटिलेटर बंद केला की पायानं स्टूल मागे ढकलते आणि तो पुन्हा चालू होईपर्यंत उभी राहते. तास, दोन तास, एकदा चार. बाबा म्हणतात, "अगं, बस की जरा. कोण बघतंय?" ती म्हणते, "सर." बाबा म्हणतात, "सरांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली." ती म्हणते, "बरं मग?"

एका गोष्टीत मात्र तिनं सरांचं ऐकलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती पेशंटला भेटते. औषधं, ॲलर्जी, हलणारे दात वगैरे विचारून झालं की शेवटी विचारते, "उद्या डोळे मिटताना कुठे जायला आवडेल?" एक ट्रक चालवणारे म्हणाले होते, "कुठेही, पण रस्ता नको." एका शाळकरी मुलाला वर्गात जायचं होतं, पण सुट्टीच्या दिवशी, कोणी नसताना. आत्या सकाळी औषध देता देता त्यांना त्याच जागेबद्दल बोलत ठेवते. सर कुत्सितपणे म्हणायचे, "तुम्ही भूल देताय की तिकिटं काढताय?"

आणि या वर्षी सरांचीच झडप गेली. जिन्याच्या सहाव्या पायरीवर त्यांना थांबावं लागायला लागलं. ऑपरेशन ठरलं, आणि त्यांचा फोन आला. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती म्हणून फोन स्पीकरवर होता आणि मी हातातलं सगळं सोडून ऐकत होते.

"तू द्यायचीस," सर म्हणाले.

"सर, आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही. नियम तुमचाच आहे."

"मी केला, मी मोडतोय. तुला कोणी मोडायला सांगितलाय?"

"डिपार्टमेंटला दोन मुलं आहेत. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"हात असेल," ते म्हणाले. "मी बघितलंय गं. माझ्या वयाची माणसं पंपावरून उतरतात, हृदय ठणठणीत असतं आणि डोकं कुठेतरी सांडून येतात. हृदयाचं मला काही वाटत नाही. उठल्यावर मी मीच आहे की नाही, हे त्या मुलांना कसं कळणार? ती ओळखत नाहीत मला."

आत्यानं बाबांच्या एकाच शर्टाची घडी तीनदा मोडली आणि तीनदा घातली. "बरं," ती म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी ती सरांना भेटायला गेली. सगळं विचारून झाल्यावर तिनं तो प्रश्नही विचारला.

"मी कुठेही जात नाही," सर म्हणाले. "तू घरी जा आणि लवकर झोप."

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला. "कॉलेजच्या मागे तळं होतं. थंडीत सकाळी त्याच्यावर धुकं असायचं. पलीकडचा काठ दिसायचा नाही. तिथे सोड."

"सोडते," आत्या म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिनं त्यांच्या हनुवटीखाली करंगळी घातली. दाढी नीट केलेली नव्हती, टोचत होती. ती तळ्याबद्दल विचारत होती आणि सर सांगत होते की तिथे एक मोडकं बाक होतं, त्यावर कोणीतरी... आणि तिथे ते गेले. कोणीतरी काय केलं होतं ते राहिलंच. एक तास पन्नास मिनिटं पंप चालला. ती उभी होती. मुनी काही बोलले नाहीत, पण टाके घालताना दोनदा वर बघून गेले. पंपवाले काका "उतरतोय" म्हणायच्या आधीच तिनं व्हेंटिलेटर चालू केला होता आणि तसं मोठ्यानं सांगितलंही होतं.

भीती वाटली का, असं मी विचारलं. "आधी वाटली," ती म्हणाली. "बेसिनपाशी. आत नाही."

शनिवारी सर उठले. नळी काढली. नर्सनं बोट दाबा म्हटल्यावर बोट दाबलं. सगळे म्हणाले, झालं, सुटलो.

रविवारी ते कुठेतरी गेले.

सरांना मूलबाळ नाही, त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. भेटीच्या पासवर नातेवाईक म्हणून आमचंच घर. वेळ चार ते पाच, आणि एरवी चारला आत्या ऑपरेशनमध्ये असते. म्हणून मी बसायचे. सर मला 'सिस्टर' म्हणत. फार नम्रपणे. "सिस्टर, माझी चप्पल कुठे आहे? केस टेबलावर घेतलीय. मला जायला हवं."

आत्यानं बजावलं होतं, खोटं सांगायचं नाही. म्हणून पहिल्यांदा मी खरं सांगितलं, की कपडे आणि चप्पल घरी पाठवलीय, केस नाही, तुमचंच ऑपरेशन झालंय. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ते पलंगावरून उतरायला लागले. मी म्हटलं, "चप्पल पलंगाखाली आहे, सर." ते शांत झाले. तीन मिनिटांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

सोमवारी आत्या साडेचारला आली. मी तिला कॉरिडॉरमध्ये ओढलं. "आत्या, हे सर नाहीत."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर तिनं झटकून टाकलं असतं. पण तिला माझा कान माहीत आहे. "का?"

"आवाज त्यांचाच आहे. पण अक्षरं ताणत नाहीत. आणि कोणावर चिडत नाहीत."

ती खिडकीला टेकली. "पंपानंतर असं होतं. चार-पाच दिवस. बहुतेक जण परत येतात."

"बहुतेक?"

तिनं खिडकीची कडी उघडली आणि पुन्हा लावली.

आता, आत्याशी मी आजवर लावलेली प्रत्येक पैज हरलेय. बाबा लग्नाचा वाढदिवस विसरतील, हरले. काकू महिनाभर आमच्या सोफ्यावर बसणार नाहीत, चार दिवसांत हरले. एकसुद्धा जिंकलेली नाही. म्हणून मी म्हटलं, "पैज लाव. शुक्रवारपर्यंत सर परत येत नाहीत."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय करतेय ते तिला कळलं असावं, कारण ती हसली नाही आणि रागावलीही नाही. "लावली. हरलीस तर इथून घराचं दार उघडेपर्यंत तोंडातून एक शब्द नाही. तुझ्या आवाजात नाही, दुसऱ्या कोणाच्याही नाही."

घरी बाबांनी ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "असली अभद्र पैज लावतं का कोणी?" आत्या म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस, दादा."

मंगळवारी चप्पल. बुधवारी चप्पलही नाही. बुधवारी सरांनी उजवा हात वर धरला होता, बोटं वाकवून, करंगळी उचलून. हवेत. पडद्यातून पिवळा उजेड येत होता आणि त्या उजेडात ते कोणाची तरी हनुवटी धरून बसले होते.

"कोण आहे, सर?"

"हळू बोला. लहान मूल आहे."

मी हळू बोलले. मग बोललेच नाही. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या मुलाजवळ बसून होतो. शेजारच्या पलंगाचा मॉनिटर टिक टिक करत होता आणि मला वाटत होतं की मी हलले तर काहीतरी उतरेल.

गुरुवारी आत्याची केस लवकर संपली म्हणून आम्ही बरोबरच गेलो. सर उशीला टेकून बसले होते. चष्मा लावलेला. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं.

"अहो," ते म्हणाले. "तीन दिवस तुम्ही मला सांगताय की चप्पल पलंगाखाली आहे. आज सकाळी तो व्यायामवाला मुलगा मला चालवायला आला, तेव्हा त्याला वाकून बघायला लावलं. पलंगाखाली काहीहीऽ नाही. एक कापसाचा बोळा आहे, आणि तो तिथे असायला नको."

मी नकळत वाकून पलंगाखाली बघितलं.

"आणि तुम्ही," ते आत्याकडे वळले. "हिला खोटं बोलायला कोणी शिकवलं?"

"मी खरंच सांग म्हटलं होतं, सर." आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली टेकला. "सर, आज वार कोणता?"

"गुरुवार. आणि उठल्यावर वार विचारायचा, हे मी शिकवलंय तुम्हाला. पुढचा प्रश्न विचारू नका, मी गावाचंही नाव सांगेन." मग त्यांनी चष्मा काढला, तो चादरीला पुसला आणि पुसतच राहिले. "बस गं," ते म्हणाले. "उभी का आहेस?"

पाच वाजता आम्ही बाहेर पडलो. आत्यानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली आणि मी तिच्या शेजारी, तोंडात ते अख्खं वाक्य धरून. 'काहीहीऽ'मधला नाकातला वळसा, 'बोळा' म्हणताना आलेला तिरस्कार, सगळं तयार होतं. इतकं चांगलं माझ्या जिभेवर याआधी कधीच आलं नव्हतं. बाहेरचे दिवे एकेक करून लागत होते.

दोन स्टॉप गेल्यावर आत्या काचेकडे बघतच म्हणाली, "पलंगाखाली काही नाही." सरांच्या आवाजात. म्हणजे तिला तसं वाटलं. त्यात नाक नव्हतं, ताण नव्हता, एक अक्षर जागेवर नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिनं पुन्हा करून पाहिलं, "एक कापसाचा बोळा आहे," पहिल्यापेक्षाही वाईट.

आणि मला दुरुस्त करता येईना. अजून सहा स्टॉप होते.